जमिनीत ठेवलेली ऊब



हिवाळ्यातल्या पहाटे आडातून शेंदलेले पाणी हाताला कोमट लागते आणि वैशाखात तेच पाणी गार वाटते. वास्तविक पाणी फारसे बदललेले नसते. बदललेली असते ती बाहेरची हवा. जमिनीखाली काही मीटर उतरले की ऋतूंचा प्रभाव ओसरतो आणि तापमान त्या ठिकाणच्या वार्षिक सरासरीच्या आसपास स्थिरावते. या साध्या निसर्गनियमावर इमारती उबदार व थंड राखणारा भूमिगत उष्णतापंप आधारलेला आहे. त्याचे मोल एका शिक्षणसंस्थेच्या कथेतून अधिक उमगते.

अमेरिकेतील इंडियाना राज्यात मन्सी नावाचे शहर आहे. १८८० च्या दशकात त्या परिसरात जमिनीखाली नैसर्गिक वायू सापडला. हा साठा कधी संपणारच नाही, अशी लोकांची समजूत झाली. वैभव मिरवण्यासाठी वायूच्या मशाली रात्रंदिवस जळत ठेवल्या गेल्या. स्वस्त इंधनाच्या ओढीने अनेक कारखाने तेथे आले. त्यांत फळे-भाज्या टिकवण्यासाठी काचेच्या बरण्या बनवणारे बॉल बंधूही होते. विसावे शतक उजाडले आणि थोड्याच वर्षांत तो वायू सरला. मशाली विझल्या.

याच बॉल बंधूंनी बंद पडलेल्या एका अध्यापक विद्यालयाची जागा व इमारती विकत घेऊन १९१८ साली राज्याला दिल्या. शिक्षक घडवणाऱ्या त्या संस्थेचेच पुढे बॉल स्टेट विद्यापीठ झाले. कडाक्याच्या थंडीत तिच्या इमारती उबदार ठेवण्यासाठी चार बॉयलर वर्षाला सुमारे ३६,००० टन कोळसा जाळीत. ते जीर्ण झाले, तेव्हा नवे बॉयलर बसवण्याऐवजी विद्यापीठाने २००९ साली वेगळ्या कामाला हात घातला. मैदाने आणि वाहनतळांखाली चारशे-पाचशे फूट खोल अशा सुमारे ३,६०० विंधन विहिरी खोदण्याची योजना आखली गेली. त्यांत नळ्या सोडून पाणी खेळवायचे आणि ४७ इमारतींची व्यवस्था त्यावर चालवायची, असा तो बेत होता. २०१४ साली तेथील कोळशाचा वापर थांबला.

या यंत्रणेचे तत्त्व घरोघरी परिचयाचे आहे. फ्रिजच्या मागे हात धरला, तर आतल्या पदार्थांतून काढलेली उष्णता जाणवते. उष्णतापंप हेच काम मोठ्या प्रमाणावर करतो. हिवाळ्यात तो जमिनीतली उष्णता इमारतीत आणतो आणि उन्हाळ्यात इमारतीतली उष्णता जमिनीत सोडतो. उष्णता निर्माण करायची नसून केवळ हलवायची असल्याने एक एकक विजेच्या मोबदल्यात साधारणतः तीन ते चार एकके उष्णता मिळते.

मात्र जमीनही हिशेब ठेवते. ज्या प्रदेशात बाराही महिने केवळ गारवाच हवा असतो, तेथे सोडलेली उष्णता जमिनीत साठत जाते आणि यंत्रणेची क्षमता घटते. म्हणूनच किनारपट्टीवरील दमट शहरापेक्षा कडक हिवाळा आणि कडक उन्हाळा दोन्ही सोसणाऱ्या प्रदेशाला ही पद्धत अधिक मानवते. खोदाईचा आरंभीचा खर्चही मोठा असतो. तो हळूहळू, अनेक वर्षांच्या बचतीतून भरून निघतो.

येथेच संस्थेच्या दूरदृष्टीचा कस लागतो. मन्सीच्या एका पिढीने जमिनीला खाण मानले आणि पुढल्या पिढ्यांच्या वाट्याचे जाळून टाकले. त्याच गावातील दुसऱ्या पिढीने जमिनीला कोठार मानले. एका ऋतूत ठेवायचे, दुसऱ्या ऋतूत काढायचे. त्या विहिरी आज हिरवळीखाली झाकल्या गेल्या आहेत. वरून चालणाऱ्या विद्यार्थ्याला त्या दिसतही नाहीत.

हीरक महोत्सवी शाळेचा पायाही असाच दिसत नाही. साठ वर्षांपूर्वी ज्यांनी तो घातला, त्यांतील अनेकांनी आजचा सोहळा पाहिला नाही. त्यांनी ठेवलेली ऊब आजच्या मुलांना मिळते आहे. तितकीच ऊब पुढच्या मुलांसाठी परत ठेवणे, हेच या महोत्सवाचे खरे देणे होय.