गेलेली पत पुन्हा कशी मिळवावी



आज आपण पत या गोष्टीविषयी चार शब्द बोलू. पत म्हणजे काय? "याला पैसे दिले तर हा बुडवणार नाही, वेळेवर परत करील," हा लोकांचा आपल्यावरचा विश्वास. तोच विश्वास म्हणजे पत.

पत जाते कशी, हे कंधारच्या शेतकऱ्याला सांगायला नको. २०१४ आणि २०१५ साली मराठवाड्यात लागोपाठ पाऊस कमी झाला. पिके हातची गेली. कर्जे थकली. कोणी दागिने मोडून कर्ज फेडले. कोणी बँकेशी तडजोड केली, थोडे पैसे भरले आणि सुटका करून घेतली. कोणाचे तर दिवाळेच निघाले. कर्ज थकले म्हणून माणूस लबाड ठरत नाही. पण पुढच्या मृगात पेरणीला पैसे लागतातच. बँक नाही म्हणते. मग पाय सावकाराच्या दाराकडे वळतात. तसे होऊ नये म्हणून गेलेली पत परत मिळवली पाहिजे.

१९४८ पर्यंत इथे निजामाचे राज्य होते. तेव्हा गरिबाची पत सावकाराच्या वहीत असे. वही त्याची, लेखणी त्याची. आपल्याला तर वाचताही येत नसे. आज वही निराळी आहे. २००० साली सिबिल नावाची कंपनी निघाली. आता अशा चार कंपन्या आहेत. बँका आपल्या कर्जाचा हिशेब त्यांना कळवतात. हप्ता वेळेवर आला की उशिरा, सारे तिथे लिहिले जाते. त्यावरून माणसाला ३०० ते ९०० पर्यंत गुण मिळतात. ७५० च्या वर गुण असले की पत चांगली समजतात.

ही वही आपल्याला वाचता येते, हा मोठा फरक आहे. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला उतारा फुकट मिळतो. म्हणून पहिले काम हे, की उतारा मागवा आणि वाचा. फेडलेले कर्ज थकलेले दाखवले असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत तक्रार मिटली नाही, तर पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. तडजोडीने सुटलेल्या कर्जापुढे 'सेटल्ड' असा शेरा असतो. त्याचा अर्थ कर्ज पुरते फिटले असा होत नाही. उरलेली रक्कम भरली तर शेरा बदलेल का, हे बँकेला विचारा. कर्ज फिटले की बेबाकीचा दाखला घ्या. सातबाऱ्यावर बोजा असेल तर तोही कमी करून घ्या.

आता दुसरे काम. जिथे विश्वास राहिला नाही, तिथे तारण ठेवावे लागते. काही बँका मुदत ठेवीच्या तारणावर क्रेडिट कार्ड देतात. क्रेडिट कार्ड म्हणजे उधारीचे कार्ड. समजा, आपण २० हजार रुपये ठेव ठेवली. बँक त्यावर १५ ते १८ हजारांपर्यंत उधारी देईल. हे प्रमाण बँकेबँकेत वेगळे असते. ठेवीवर व्याज मिळत राहते, पण ठेव मोडता येत नाही. आपण पैसे बुडवले तर बँक ठेवीतून वळते करून घेते.

या कार्डावर फार खर्च करू नका. खत, बियाणे, किराणा असे दोन-तीन हजारांचे सामान घ्या, आणि बिल आले की तारखेच्या आत पुरे भरा. बिलावर 'कमीत कमी एवढे भरा' असा एक लहान आकडा असतो. त्याला भुलू नका. तेवढेच भरले तर उरलेल्या रकमेवर व्याज चढते. काही कार्डांवर ते महिन्याला शेकडा तीन रुपयांहूनही जास्त असते. वर्षाला शेकडा छत्तीसच्या वर! मग सावकार काय वाईट होता?

ज्या बहिणींजवळ ठेव नाही, त्यांनी बचत गटात जावे. तिथे सगळ्यांच्या बचतीवर आणि नियमितपणावर बँक विश्वास ठेवते. पहिले लहान कर्ज फिटले की पुढचे मोठे मिळते.

वर्षभर असे नीट चालले, की तिसरे काम करा. पुन्हा उतारा वाचा. गुण वाढले असले तर बँकेत अर्ज द्या, "माझी ठेव मोकळी करावी आणि मला बिनतारणी कार्ड द्यावे." कोणती बँक आहे तेच कार्ड बदलून देते, कोणती नवे देते. नवे हातात येईपर्यंत जुने बंद करू नका. एका बँकेने नाही म्हटले, म्हणून त्याच आठवड्यात चार बँकांत अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाची वहीत नोंद होते. "हा फार नडलेला दिसतो," असे मग बँकांना वाटते. नकाराचे कारण विचारा, आणि सहा महिने आणखी नीट भरा.

शेतीसाठी मात्र हे कार्ड नव्हे, किसान क्रेडिट कार्ड खरे. ते १९९८ साली सुरू झाले. १ जानेवारी २०२५ पासून शेतीचे २ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज तारण न घेता देण्याचा नियम आहे. त्याचे व्याजही पुष्कळ कमी असते. पण ते देतानाही बँक हीच वही उघडते. म्हणून आधी वही सुधारा.

एक इशारा देतो. "पैसे द्या, तुमचे सिबिल साफ करून देतो," असे सांगणारे लोक बाजारात फिरतात. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही. त्यांना पैसे देऊ नका, आणि मोबाईलवर आलेला आकडाही सांगू नका.

आपला जगत्तुंग तलाव एका सरीने भरत नाही. थेंबे थेंबे तळे साचे. पतही तशीच एकेका हप्त्याने भरते. आता आपल्याला वाचता येते. तेव्हा आपली वही आपणच वाचू या आणि आपल्या हाताने सुधारू या.