तीन हजार मिलिमीटरमधली कोरडी माती

कोरडवाहू जमीन म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे माण, सांगोला, आटपाडी हे मुलूख उभे राहतात. पेडणे किंवा डिचोली तालुका कुणाच्या मनात येत नाही, आणि त्यात नवल नाही. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माणदेशाच्या पाचपटीहून अधिक. तरीसुद्धा तेरेखोल, शापोरा आणि वाळवंटी या नद्यांच्या काठी, पुराच्या नेहमीच्या रेषेच्या जरा वर, पोयट्याच्या ज्या जमिनी आहेत त्यांना मृदाशास्त्राचे निकष लावले तर त्यांच्या नावात 'उस्ट' ही अक्षरे येऊन बसतात. 'उस्टस' या लॅटिन शब्दाचा अर्थ भाजलेला, जळालेला. जिथे पावसाळ्यात छत्रीसुद्धा हरते तिथल्या मातीला भाजलेली म्हणायचे, हा विनोद वाटेल. माझे म्हणणे असे की हा विनोद नाही, आणि हे नाव गांभीर्याने घेतले नाही म्हणूनच या जमिनींविषयीचे आपले अंदाज चुकतात.

पाऊस मोजण्याचे भांडे मातीच्या ओलाव्याबद्दल फार थोडे सांगते. गोव्यातला बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. अमेरिकेत 1975 साली प्रसिद्ध झालेल्या आणि आपल्याकडेही वापरात असलेल्या मृदा-वर्गीकरणात आकाशातून किती पडले हा प्रश्न नाही. मध्यम पोताच्या मातीत साधारण 20 ते 60 सेंटीमीटर खोलीवरचा थर वर्षातले किती दिवस कोरडा असतो, हे तिथे विचारतात. नव्वद दिवस किंवा त्याहून अधिक काळ तो कोरडा राहिला, पण बाकीचे बरेच महिने ओला असला, तर ती माती 'उस्टिक'. आता साधा हिशेब करू. मीटरभर खोल पोयट्याच्या मातीत पिकाला ओढून घेता येईल असे पाणी अंदाजे 150 ते 200 मिलिमीटर मावते. तीन हजार पडले काय आणि दहा हजार पडले काय, मातीची घागर तेवढीच. बाकीचे वाहून जाते किंवा खाली झिरपते. भात कापल्यावर ऊन लागले, रोज चार मिलिमीटर उडू लागले, की ही शिल्लक दीड महिन्यात तळाला जाते. अडीच-तीन महिन्यांचे अळसांद्याचे, म्हणजे चवळीचे, पीक त्या ओलीवर उभे राहते ते नदीजवळच्या भूजलाचा आणि पहाटेच्या दवाचा हात असतो म्हणून. फेब्रुवारी सरला की त्याच शेतातले ढेकूळ पायाखाली दगडासारखे लागते.

ही माती आहे तरी कशी? चिमूटभर ओली करून अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये दाबत पट्टी काढा. इंच होण्याआधी तुटली, बोटांना वाळूची किरकिर आणि पिठाचा मऊपणा दोन्ही जाणवले, तर तो पोयटा. प्रयोगशाळेच्या भाषेत 7 ते 27 टक्के चिकण, 28 ते 50 टक्के पोयटा-कण आणि 52 टक्क्यांहून कमी वाळू. तापी-गोदावरीच्या काठच्या गाळाशी तिची तुलना करण्याचा मोह आवरावा. तो गाळ बेसाल्टचा. पाण्याने फुगणारी, उन्हात भेगाळणारी चिकण त्यात असते, आणि तिच्यामुळे त्याची पाणी व अन्नद्रव्ये धरण्याची ताकद मोठी. पेडणे-डिचोलीच्या गाळात जांभ्याचा आणि लोहयुक्त जुन्या खडकांचा वाटा मोठा. त्यातली चिकण बहुतांशी केओलिनाइट जातीची, म्हणजे न फुगणारी आणि हात आखडता असलेली. वर मुसळधार पावसाने चुना-पोटॅश धुऊन नेलेले. त्यामुळे सामू आम्लधर्मी, आणि टाकलेले स्फुरद लोह-ॲल्युमिनियम गिळून बसतात. रंग लालसर तपकिरी, मशागतीला हलकी, निचऱ्याला उत्तम. हा उत्तम निचराच उन्हाळ्यात अंगावर येतो, हे मात्र आपण विसरतो.

नाव पुरते लावायचे तर खड्डा खणावाच लागतो. नदीने वर्षानुवर्षे आणून टाकलेल्या मातीत सेंद्रिय कर्ब खाली जाताना सरळ उताराने कमी होत नाही. खड्ड्याच्या भिंतीवर हाताच्या अंतराने काळपट पट्टा, मग वाळूची रेघ, मग पुन्हा काळपट पट्टा दिसतो. प्रत्येक काळपट पट्टा म्हणजे एके काळची जमीन, जिच्यावर गवत उगवले आणि जी पुढच्या पुरात गाडली गेली. थर अजून जसेच्या तसे असतील तर ती 'उस्टिफ्लुव्हेंट', म्हणजे नदीने नुकती घातलेली आणि उन्हाने भाजलेली. मध्ये गांडुळे, मुळे आणि काळ यांनी काम करून मातीची जडण बनायला लागली असेल तर 'फ्लुव्हेंटिक हॅपलुस्टेप्ट'. नाव जिभेला अवघड खरे, पण नदी आणि भाजणे एकाच नावात बसवणारे.

डिचोलीत या खड्ड्याला वेगळेच महत्त्व आहे. खाणींच्या ढिगाऱ्यांवरून पावसात उतरलेला बारीक गाळ या तालुक्यातल्या शेतांत साचलेला आहे. तोही मध्यम पोताचा असू शकतो, तोही लाल, तोही पाण्यानेच आणलेला. पृष्ठभागावरचा मूठभर नमुना घेऊन पोत तपासला तर नदीचा पोयटा आणि खाणीचा गाळ एकाच नावाखाली येण्याची शक्यता खरी आहे. भिंत पाहिली की फरक कळतो. खाणीचा गाळ सेंद्रिय कर्बाला दरिद्री, वाळल्यावर पापुद्र्यासारखा कडक आणि त्याच्या खाली जुने शेत गाडलेले. मातीचे एकूण आरोग्य वरच्या पंधरा सेंटीमीटरच्या नमुन्यावरून ठरवण्याची आपली रीत खताची मात्रा सांगायला ठीक आहे. जमिनीची जात ठरवायला ती अपुरी आहे.

एक आक्षेप असा की या लॅटिन नावांची गरजच काय. गोव्याच्या शेतकऱ्याने मरड, खेर आणि खाजन अशी वर्गवारी केव्हाच करून ठेवली आहे. वर्गवारी उत्तमच आहे. वर चढावर मरड, मध्ये खेर, खाली भरतीच्या खारट पाण्याशी बांध आणि मानशी, म्हणजे पाणी अडवणारी दारे, यांनी झुंजणारे खाजन. यात उंची, पोत आणि पाणी तिन्ही आले. पावसाळी सरद आणि हिवाळी वायंगण या दोन शब्दांनी तर हंगामही सांगितला. पण गाव बदलले की खेरची व्याप्ती बदलते, आणि पेडण्याच्या खेरमधला अनुभव दूरच्या दुसऱ्या एखाद्या नदीकाठी लागू पडेल का, हे ते नाव सांगत नाही. शास्त्रीय नावात ती सोय आहे. उलट शास्त्रीय नकाशात दोन बांधांमधला फरक पुसला जातो, तो शेतकऱ्याचा शब्द टिपतो. म्हणून नोंद दोन्ही नावांनी व्हावी.

दुसरा आक्षेप तिळारीचा. महाराष्ट्र आणि गोवा यांच्या या संयुक्त प्रकल्पाचे कालवे पेडणे, डिचोली, बार्देशात आले. मग कोरडेपणाची चर्चा कशाला? गंमत अशी की मातीचा ओलाव्याचा वर्ग ठरवताना सिंचनाचे पाणी धरतच नाहीत. माती स्वतःच्या बळावर किती दिवस ओली राहते तेच पाहतात. आणि ते शहाणपणाचे आहे. कालवा फुटतो, दुरुस्तीसाठी बंद होतो, शेवटच्या शेतापर्यंत पोचत नाही. त्या आठवड्यात माती तिच्या मूळ स्वभावावर येते. शिवाय घागर किती मिलिमीटरची हे ठाऊक असेल तरच पाणी किती द्यायचे ते ठरते. चांगल्या निचऱ्याच्या मातीला भातासारखे तुडुंब पाणी दिले तर ते मुळांखाली उतरते आणि जाताना नत्र घेऊन जाते.

तेव्हा पेडण्या-डिचोलीतल्या शेतकऱ्यांना आणि कृषी अधिकाऱ्यांना एक विनंती. पुढच्या खेपेला माती तपासाल तेव्हा वरची मूठ उचलून थांबू नका. फेब्रुवारीअखेर मीटरभर खड्डा खणा, भिंतीवरचे पट्टे मोजा, दोन वितींवरची माती हाताने दाबून ओल आहे का पाहा, आणि माती तपासणीच्या कार्डावर सामूच्या शेजारी ती ओल आणि तपासणीचा महिनाही लिहा.