विश्रांतीची खोली

(परिचर्या पदवीधरांसमोर केलेलं दीक्षान्त भाषण)



तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा दहावीचा भूगोलाचा पेपर झालाच नाही. २३ मार्च २०२० ला तो व्हायचा होता. कोरोनामुळे तो आधी पुढे ढकलला आणि मग रद्द झाला. तुम्ही घरात अडकलात. त्याच दिवसांत तुमच्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या मुली, हीच पदवी घेतलेल्या, आयुष्यात पहिल्यांदा पीपीई किट चढवून आयसोलेशन वॉर्डात शिरत होत्या. आज मला त्यांच्याविषयी बोलायचं आहे. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. त्या काळात आणि त्यानंतरही रुग्णालयातले कर्मचारी माझ्यासमोर येऊन बसले. ते जे सांगत होते ते तुमच्यापर्यंत पोचलं पाहिजे, कारण पुढची साथ येईल तेव्हा त्या वॉर्डात तुम्ही असाल.

शरीराचे हाल तुम्ही ऐकले असतील. सहा-सहा तास किटमध्ये. पाणी प्यायचं नाही, कारण बाथरूमला जायचं तर किट उतरवावं लागणार आणि दुसरं मिळेलच असं नाही. पाळीच्या दिवसांतही तेच. गॉगलवर वाफ धरायची, दोन-दोन ग्लोव्ह्जमधून शीर हाताला लागायची नाही. या सगळ्याचं लोकांनी कौतुक केलं, आणि ते रास्तच होतं. मनावर घाव घातले ते मात्र वेगळ्याच गोष्टींनी, आणि त्या बाहेरच्यांना दिसत नव्हत्या.

एका सिस्टरकडे फोन धरायचं काम होतं. नातेवाइकांना आत सोडत नव्हते, म्हणून ती व्हिडिओ कॉल लावून मोबाईल पेशंटच्या चेहऱ्यासमोर धरायची. पलीकडून मुलगा हाका मारायचा, बाबा, डोळे उघडा. कॉल संपला की पुढचा बेड. ती मला म्हणाली, ‘डॉक्टर, मी रडत नव्हते, कारण गॉगलमध्ये पाणी साचलं असतं तर पुढच्या पेशंटला सुई टोचता आली नसती.’ हे वाक्य तिनं अगदी सपाट आवाजात सांगितलं. दीड वर्षानंतर मोबाईलची रिंग वाजली की तिच्या हाताला कंप सुटत होता, आणि असं का होतंय हे तिला कळत नव्हतं.

एका वॉर्डातले मामा, एरवी स्ट्रेचर ढकलणारे, त्या उन्हाळ्यात पाळीमागून पाळी बॉडी पॅक करत होते. घरी गेल्यावर बायको विचारायची, आज काय केलंत? ते गप्प राहायचे. पुढे त्यांनी घरी जेवणंच सोडून दिलं. माझ्याकडे ते पोटदुखीची तक्रार घेऊन आले होते.

सगळ्यांत खोल गेली ती निवड. बेड एक आणि बाहेर रिक्षात तीन पेशंट. काय करायला हवं हे पक्कं ठाऊक असतं, हात शिकलेले असतात, पण ते करता येत नाही, कारण बेड नाही, ऑक्सिजन नाही, माणसं नाहीत. अशा वेळी मनाची जी तडफड होते तिला अँड्र्यू जेमटन या अमेरिकन अभ्यासकानं १९८४ मध्ये नैतिक क्लेश असं नाव दिलं, आणि ते त्यांनी परिचर्येच्या नीतिशास्त्रावरच्या पुस्तकात, नर्सेसच्या कामाकडे पाहून दिलं. वॉर्डात सगळ्यांत जास्त वेळ पेशंटच्या उशाशी कोण असतं, हे त्यांना दिसलं होतं.

२१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. मेलेल्यांच्या घरच्यांचं दुःख सर्वांत मोठं, त्याच्याशी कशाचीच तुलना नको. पण त्या वेळी ड्यूटीवर असलेल्यांचाही विचार करा. टाकी त्यांनी बसवली नव्हती, तरी डोळ्यांसमोर घडलं ते त्यांच्याच. अशा घटनेनंतर चौकशी टाकीची होते आणि ती व्हायलाच हवी. ड्यूटीवरच्या माणसांचीही विचारपूस व्हायला हवी, त्याच आठवड्यात, आणि ती कोणी करायची हे आधी ठरलेलं हवं. माझ्या अनुभवात ते बहुतेक ठिकाणी ठरलेलं नसतं.

हे एखाद-दुसऱ्या हळव्या माणसाचं झालं असं कोणी म्हणेल, म्हणून आकडे सांगतो. २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत, साथ नुकती पेटलेली असताना, चीनमधल्या ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ डॉक्टर आणि नर्सेसनी एक प्रश्नावली भरून दिली. निम्म्या जणांत नैराश्याची लक्षणं होती, ४४.६ टक्क्यांत चिंतेची, ३४ टक्क्यांची झोप उडाली होती. स्त्रियांना, नर्सेसना आणि थेट रुग्णसेवेत असलेल्यांना त्रास अधिक तीव्र होता. प्रश्नावलीतली लक्षणं म्हणजे आजाराचं निदान नव्हे, हे तुम्हाला शिकवलेलं आहे. तरीही निम्मी माणसं ही संख्या लहान नाही. आणि या पाहणीत फक्त डॉक्टर आणि नर्सेस मोजले गेले. मावशी, मामा, सफाई कामगार, अ‍ॅम्ब्युलन्सचे चालक त्यात नव्हते. दारोदार जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या आपल्या आशाताईही अशा मोजणीत सहसा येत नाहीत.

आता एका रुग्णालयाची गोष्ट सांगतो, कारण मला आज जे म्हणायचं आहे ते सगळं तिच्यात आहे. चीनच्या हुनान प्रांतात चांगशा इथं ‘सेकंड शियांग्या’ नावाचं रुग्णालय आहे. साथ सुरू होताच तिथल्या मानसोपचार विभागानं कर्मचाऱ्यांसाठी योजना आखली. ऑनलाइन वर्ग, हेल्पलाइन, गटानं बसून मन मोकळं करण्याचे कार्यक्रम असं सगळं होतं. कर्मचारी आलेच नाहीत. नर्सेस चिडचिड करत होत्या, विश्रांती घ्यायला नकार देत होत्या, ताण चेहऱ्यावर दिसत होता. पण मदत घ्या म्हटलं की मला काही झालेलं नाही, असं उत्तर यायचं. मग तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी कर्मचाऱ्यांना विचारलं, तुम्हाला हवंय तरी काय? उत्तर आलं: मानसोपचारतज्ज्ञ नको, मध्ये कोणी न उठवता झोप हवी आणि पुरेसे मास्क हवेत. घरच्यांना लागण होईल ही भीती होती. विलगीकरणाला तयार नसलेल्या, अंगावर येणाऱ्या पेशंटना कसं हाताळायचं ते कळत नव्हतं.

रुग्णालयानं योजना बदलली. घरच्यांपासून वेगळं राहता येईल अशी विश्रांतीची जागा दिली. जेवणाची आणि रोजच्या गरजेच्या वस्तूंची सोय केली. वॉर्डातलं रोजचं काम चित्रित करून घरी पाठवता यावं अशी व्यवस्था केली, म्हणजे आईवडिलांची काळजी कमी व्हावी. साधनं कशी आणि कधी वापरायची याचे स्पष्ट नियम केले, अवघड पेशंटशी कसं बोलायचं याचं प्रशिक्षण दिलं, अंगावर येणाऱ्यांसाठी सुरक्षारक्षक ठेवले. आणि समुपदेशक त्या विश्रांतीच्या जागी नेमानं जाऊन बसू लागले. कोणी बोललं तर ऐकायचं, एवढंच. तेव्हा लोक बोलू लागले.

यात माझ्या शास्त्राची हार आहे असं मला वाटत नाही. उपाशी, जागरणानं डोळे तांबारलेल्या माणसाला श्वासाचे व्यायाम शिकवायला गेलं तर तो रागावणारच, आणि त्याचा राग योग्य आहे. आधी झोप, जेवण, मास्क, खरी माहिती. मग मन.

टोरांटोमध्ये हेच वेगळ्या वाटेनं दिसलं. २००३ च्या सार्स साथीत जगभरात जे ८,०९६ रुग्ण नोंदले गेले, त्यांतला जवळपास प्रत्येक पाचवा रुग्ण आरोग्य कर्मचारी होता. टोरांटोत सार्सचे पेशंट सांभाळलेल्या रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांना एक-दोन वर्षांनी तपासलं, तेव्हाही थकवा आणि मनाचा त्रास शिल्लक होता. काहींनी कामाचे तास कमी केले होते. पण ज्यांना आपलं प्रशिक्षण, आपल्याला मिळालेलं संरक्षण आणि वरिष्ठांचा आधार पुरेसा वाटला होता, ते पुष्कळ बरे होते. टाळत राहणं, इतरांवर तुटून पडणं आणि स्वतःला दोष देत राहणं या तीन सवयी असलेल्यांची अवस्था वाईट होती. यातली एखादी सवय तुमच्यात असेल तर आत्ताच ओळखून ठेवा. रुग्णालयातल्या पहिल्या वर्षात ती वाढू शकते.

आपल्याकडे ३ मे २०२० ला हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुलं उधळली. त्या पाकळ्या झेलताना डोळे भरून आलेल्या सिस्टर्स मला माहीत आहेत. त्याच आठवड्यांत खोली रिकामी करा म्हणून घरमालकाचा फोन आलेल्या सिस्टर्सही माहीत आहेत. कर्मचाऱ्यांवरचे हल्ले इतके वाढले की २२ एप्रिलला वटहुकूम काढून १८९७ च्या साथरोग कायद्यात बदल करावा लागला, गंभीर इजा करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करावी लागली. कायदा हवाच होता. पण ज्याला ड्यूटीवरून परतताना चाळीच्या जिन्यात लोक बाजूला सरकताना दिसतात, त्याच्या मनाला कायदा पोचत नाही. तिथे शेजारी पोचावे लागतात.

तो १८९७ चा कायदा प्लेगच्या साथीसाठी झाला. त्याच साथीत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. अशा समारंभांत त्यांचं नाव घेतलं जातं आणि तुमच्याकडून त्यागाची अपेक्षा केली जाते. मी त्यांच्यापुढे मनापासून नतमस्तक आहे. म्हणूनच सांगतो, त्यांचं नाव घेऊन कोणी तुम्हाला मास्कशिवाय वॉर्डात उभं करत असेल, तिसरी सलग डबल ड्यूटी लावत असेल, तर नाही म्हणा. त्यांनी स्वतःच्या निर्णयानं जीव पणाला लावला. दुसऱ्याचा जीव पणाला लावायचा अधिकार कोणत्याच व्यवस्थापनाला नाही.

आता एक कठीण गोष्ट. मदत मागायला सगळ्यांत जास्त कोण घाबरतं, तर आपणच. न्यूयॉर्कच्या डॉ. लॉर्ना ब्रीन आपत्कालीन विभागाच्या प्रमुख होत्या. एप्रिल २०२० मध्ये त्यांनी आपलं जीवन संपवलं. उपचार घेतल्याचं कळलं तर आपला परवाना जाईल, ही भीती त्यांना होती असं त्यांच्या घरच्यांनी जाहीरपणे सांगितलं. त्यांच्या नावानं मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी कायदा झाला. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. तुम्ही रुग्ण झालात तर तो तुमचाही हक्क आहे. वॉर्डाच्या कपाटातली झोपेची गोळी स्वतःच उचलून घेणं हा उपचार नाही, आणि तुमच्यापैकी कोणालाही तो मोह होऊ शकतो, म्हणून उघड बोलतो.

पालकहो, मुलगी नाइट करून आली की तिला दुपारपर्यंत झोपू द्या. पाहुणे आले म्हणून उठवू नका. सून असेल तरी हेच. घरातला हा एवढा बदल बऱ्याच औषधांपेक्षा मोठा आहे, हे मी डॉक्टर म्हणून सांगतो.

आणि तुम्ही. पाच-सात वर्षांत तुमच्यातल्या काही जणी इन्चार्ज होतील, ड्यूटी लावायची वही तुमच्या हातात येईल. ज्या रात्री वॉर्डात मृत्यू झाला, त्या रात्रीची ओव्हर घेताना पेशंटचं सांगून झालं की दोन मिनिटं ड्यूटीवर असलेलीला विचारा, तू कशी आहेस? मावशींना आणि मामांनाही विचारा. ‘ठीक आहे’ असं उत्तर आलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. साथीत नव्या मुलीला एकटीला वॉर्डात सोडू नका, तिच्याबरोबर जुनी सिस्टर द्या. सलग नाइट कोणाला किती लागल्या ते मोजा आणि कमी करा. माणसं पुरत नाहीत हे मला माहीत आहे; ते लेखी कळवा, पुन्हा पुन्हा कळवा. आणि तुमच्या मजल्यावर एक खोली मागा. त्यात पलंग, पंखा, पाण्याचा जार आणि आतून लागणारी कडी असावी. अशी खोली भांडाराला दिली जाते, कार्यालयाला दिली जाते. कर्मचाऱ्यांच्या झोपेला सहसा दिली जात नाही. त्यासाठी भांडा.

केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक पेशंटना देण्यासाठी तुम्ही पाठ केला असेल. आज सभागृहाबाहेर पडण्याआधी तो स्वतःसाठी मोबाईलमध्ये घालून ठेवा, आणि गरज पडली तर पहिल्याच आठवड्यात फोन करा.