ऐकलेली कादंबरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी कोणा थोर ग्रंथाविषयी बोलणार नाही. एका हलक्याफुलक्या प्रेमकथेविषयी बोलणार आहे, आणि तीही मी वाचलेली नाही, ऐकलेली आहे.

माझ्या सासूबाई मोठ्या वाचनवेड्या. कादंबरी हातात असली की आमटी उतू गेली तरी त्यांना पत्ता नसे. तीन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. गेलेली नजर परत येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले. तेव्हापासून त्या दिवसदिवस भिंतीशी टेकून बसून असत. त्यांचे मन रमावे म्हणून मी मोबाईलवर अभंग लावी, प्रवचने लावी. एके दिवशी त्या म्हणाल्या, "अगं, माझे डोळे गेलेत, मी संन्यास नाही घेतला!"

मी अगदी वरमले. म्हातारपणी डोळे गेले की माणसाला देवाधर्माखेरीज काही नको असते, हे मी त्यांना न विचारताच ठरवून टाकले होते.

भोगीच्या आदल्या दिवशी तीळ भाजता भाजता मी एक मराठी कादंबरी लावली. दिवाळीच्या सुट्टीत गावी आलेली एक प्रौढ शिक्षिका, शेजारी राहणारा एक विधुर, आणि त्या दोघांचे रुसवेफुगवे. शेवट गोड होणार, हे पहिल्याच प्रकरणात कळत होते. प्रेमाचे बोलणे सुरू होताच मी संकोचाने आवाज कमी केला. आई म्हणाल्या, "लाजतेस कशाला? संक्रांतीला सारं सोलापूर संमती कट्ट्यापाशी कुणाच्या लग्नाच्या अक्षता टाकतं?"

खरेच की! श्रीसिद्धरामेश्वरांना मनाने वरणारी ती कुंभारकन्या, आणि त्यांच्या योगदंडाशी लागलेला तिचा विवाह! त्याच विवाहाच्या अक्षता आपण दरवर्षी टाकतो. मग सणासुदीला प्रेमकथा ऐकण्यात कमीपणा कसला?

पुढे कुतूहलाने मी माहिती काढली. इंग्लंडमध्ये 1935 साली अंधांसाठी तबकड्यांवरची बोलकी पुस्तके निघाली. महायुद्धात डोळे गमावलेले सैनिक त्यामागे होते. त्या पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्ती यांची एक रहस्यकथाही होती. म्हणजे त्या लोकांनीही अंधांना केवळ उपदेश ऐकवला नाही! आपल्याकडे 2017 साली स्वीडनची स्टोरीटेल ही कंपनी आली आणि मराठी पुस्तके मोबाईलवर ऐकण्याची आणखी एक सोय झाली. येथे मला वि. स. खांडेकरांची आठवण होते. 1941 साली आपल्या सोलापुरात भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. उतारवयात त्यांचीही दृष्टी गेली. तरी मजकूर तोंडी सांगून त्यांनी लेखन चालूच ठेवले. डोळे गेले म्हणून साहित्याची गोडी जात नाही.

असो. आमची कादंबरी चार दिवस चालली. शेवटचे प्रकरण उरले तेव्हा आई म्हणाल्या, "आज नको. उद्याला काहीतरी राहू दे." मैत्रिणींनो, त्या वाक्याने माझ्या डोळ्यांत पाणी आले. कित्येक महिन्यांनी त्यांनी 'उद्या' हा शब्द उच्चारला होता.

पुस्तक वाचताना आपण एकट्या असतो. ऐकताना मात्र आम्ही सासूसुना एकत्र हसलो. त्या नायिकेच्या निमित्ताने आईंनी मला आपल्या नव्या संसाराच्या अशा गोष्टी सांगितल्या, की ज्या मी वीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या.

म्हणून आज एकच विनंती. आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात अशी एखादी आजी असेलच. आठवड्यातून अर्धा तास तिच्यापाशी बसा. मोबाईलवर पुस्तक लावा, नाहीतर स्वतः वाचून दाखवा. मात्र त्याआधी तिला एवढे जरूर विचारा, "आजी, तुम्हाला काय ऐकायला आवडेल?"