पोटाचं अस्तर सांभाळा
(ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही, बँकेतला माणूस. पण आपल्याकडे गुडघेदुखीच्या गोळ्या चहाबरोबरच्या बिस्किटासारख्या घेतल्या जातात, म्हणून दोन शब्द बोलतो.

जठरातलं आम्ल मटणसुद्धा पचवतं. मग ते जठरालाच का जाळत नाही? कारण आतून बुळबुळीत श्लेष्माचा पातळ थर असतो आणि त्यात आम्ल मारणारं बायकार्बोनेट झिरपत असतं. या थराची जमा कमी आणि झीज जास्त झाली, की अल्सर.

थर बिघडवणारे मुख्य दोघे. पहिला, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं. आपण मात्र सगळा दोष मिरचीला देतो! दुसरा, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिनसारख्या गोळ्या. थर टिकवणारं प्रोस्टाग्लँडिन त्या कमी करतात, तेही रक्तात उतरून. म्हणून ‘जेवणावर घेतली’ एवढ्याने धोका टळत नाही.

तेव्हा शेजाऱ्याची गोळी मागून घेऊ नका. डॉक्टरांनी हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र मनाने बंद करू नका. शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सुवर्णमहोत्सवालाही सगळ्यांनी यायचंय.