यंत्राची नजर, माणसाची जबाबदारी

(आरोग्य कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



१८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू जगापुढे मांडला आणि १८९५ साली राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. पुढे छातीचे क्ष-किरण चित्र हे क्षयाच्या शोधाचे मोठे साधन ठरले. परंतु चित्र काढणे सोपे, वाचणे अवघड. दुर्गम तालुक्यात यंत्र पोहोचले, तरी चित्र वाचणारा तज्ज्ञ तेथे असतोच असे नाही.

ही उणीव आता संगणक भरून काढू लागला आहे. तज्ज्ञांनी तपासलेली असंख्य चित्रे अभ्यासून तयार झालेली ही प्रणाली नव्या चित्रातील संशयास्पद जागा दाखवते आणि क्षयाची शक्यता एका आकड्यात मांडते. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या चाळणी तपासणीसाठी तिला मान्यता दिली. मुंबईत विकसित झालेली अशी प्रणाली आज अनेक देशांत वापरली जाते, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे.

याची निकड किती? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात आढळलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण क्ष-किरण तपासणी नसती तर निसटले असते. खोकला नाही, ताप नाही. तरी फुप्फुसात रोग होता.

तथापि एक भ्रम टाळला पाहिजे. यंत्राने दिलेला आकडा म्हणजे निदान नव्हे. पूर्वी बऱ्या झालेल्या क्षयाचे व्रणही त्याला फसवतात. म्हणून थुंकीची तपासणी आवश्यकच. शिवाय कोणत्या आकड्यापुढे माणसाला संशयित मानायचे, ही सीमारेषा माणसेच ठरवतात. ती खाली ओढली तर अनेक निरोग्यांची धावपळ होते. वर नेली तर रुग्ण निसटतो.

आणि त्यानंतरचे काम तर सर्वस्वी आपले आहे. यंत्र कोणाच्या दारात जाऊन धीर देत नाही. रोजंदारी बुडेल म्हणून तपासणी टाळणाऱ्या मजुराची समजूत, शेजाऱ्यांपासून आजार लपवणाऱ्या सुनेला आधार, सुमारे सहा महिने औषध न चुकवण्याची आठवण, हे सारे माणसानेच करायचे आहे.

मित्रहो, संगणक रुग्ण दाखवील. त्याला बरा होईपर्यंत सोबत मात्र आपणच केली पाहिजे.