शनिवारचा संघ, रविवारचा संघ

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"अमेरिकेतल्या मुलांच्या खेळाबद्दल काहीतरी बोल" असं संयोजकांनी मला सांगितलं. 'काहीतरी' फार मोठं होईल, म्हणून ज्या एका गोष्टीत माझे सात वर्षांचे शनिवार-रविवार गेले तेवढीच सांगते. ती म्हणजे मुलांचा बेसबॉल. न्यू जर्सीत आमच्या गावच्या लीगमध्ये मी सामन्यांची वही लिहिते. दहावीपर्यंत मैदानाच्या कडेला बसून राहणारी मुलगी मी! सर हसताहेत, त्यांना आठवतंय.

तिथे गावोगावी 'रेक लीग' असते. वसंत ऋतूत, एप्रिल ते जून, आठवड्याला दोन-तीन सामने. प्रशिक्षक म्हणजे कुणाचे तरी आईबाप, बिनपगारी. शर्टाच्या पाठीवर गावातल्या पिझ्झावाल्याचं नाहीतर दातांच्या डॉक्टरचं नाव. पालकांनी आळीपाळीने हॉट डॉगच्या टपरीवर उभं राहायचं. कार्ल स्टोट्झ नावाच्या गृहस्थाने १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टमध्ये 'लिटल लीग' सुरू केली. तिचा एक नियम मला फार आवडतो: नाव नोंदवलेल्या प्रत्येक मुलाला मैदानात उतरवावंच लागतं. चेंडू बघून डोळे मिटणारा मुलगाही बॅट घेऊन उभा राहतो.

पण दहाव्या-अकराव्या वर्षी अडचण सुरू होते. रेक लीगमधल्या निम्म्या पिचरना चेंडू नेमका टाकता येत नाही. चार चेंडू बाहेर गेले की बॅटर चालत पहिल्या बेसवर. चांगला खेळणारा मुलगा तासभर उभा राहतो आणि त्याच्या बॅटला चेंडू लागतच नाही. शिवाय बारा वर्षांपर्यंत पिचर ४६ फुटांवरून टाकतो आणि बेस ६० फुटांवर असतात. पुढे मोठ्या मैदानावर हेच अंतर ६० फूट ६ इंच आणि ९० फूट होतं. छोट्या मैदानावर चेंडू बॅटरपर्यंत पोचेपर्यंत धावणाऱ्याने बेस सोडायचा नाही, मोठ्या मैदानावर आधीच पुढे सरकता येतं. हे सगळं एकदम अंगावर येतं, आणि बरीच मुलं तिथेच खेळ सोडतात.

यावर एक उपाय म्हणजे पूर्णवेळ 'ट्रॅव्हल' संघ: पगारी प्रशिक्षक, हिवाळ्यात बंदिस्त सभागृहात सराव, दर आठवड्याअखेर दुसऱ्या गावी स्पर्धा. वर्षाला हजारो डॉलर सहज जातात. काही स्पर्धांत तर आयोजक सांगतील त्याच हॉटेलात उतरायची अट असते.

दुसरा उपाय अर्धवेळ ट्रॅव्हल. तो समजावताना मला आपली शाळाच आठवते. आपल्याकडे वर्गावर्गांचे खो-खोचे सामने व्हायचे, त्यात सगळे खेळायचे. त्यातून शाळेचा संघ निवडला जायचा, तो तालुक्याला जायचा, आणि परत आल्यावर तीच मुलं 'ब' तुकडीविरुद्ध पुन्हा धावायची. अगदी तसंच! रेक लीगमधली बारा मुलं निवडायची, शनिवारी त्यांनी आपापल्या रेक संघाकडून खेळायचं आणि रविवारी गावाचं नाव छातीवर लावून शेजारच्या गावाशी. खर्च थोडा, प्रवास अर्ध्या-पाऊण तासाचा.

ऐकायला छान वाटतं, आणि बहुतेक छानच आहे. पण एक गाठ आहे, आणि ती मुलाच्या कोपरात आहे.

वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूचं हाड पक्कं झालेलं नसतं. तिथे वाढीची मऊ कूर्चा असते. जोरात चेंडू टाकला की प्रत्येक वेळी ती ओढली जाते. या दुखण्याला तिथे नावच 'लिटल लीगर्स एल्बो' असं आहे. म्हणून २००७पासून लिटल लीगमध्ये पिच मोजतात. पिच म्हणजे इथे खेळपट्टी नव्हे, टाकलेला चेंडू. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ७५, अकरा-बाराच्या मुलाला ८५. ५१ ते ६५ टाकले तर तीन दिवस विश्रांती, ६६च्या पुढे चार दिवस. नियम उत्तम आहे, पण तो लीगच्या वहीपुरता. रविवारच्या वहीला शनिवारची वही ठाऊक नसते. काही स्पर्धांत तर पिच मोजतच नाहीत, इनिंग मोजतात. एका इनिंगमध्ये दहा पिच होतात तसे पस्तीसही होतात.

माझा मुलगा अकरा वर्षांचा असताना एका शनिवारी त्याने ५८ पिच टाकले. रविवारी सामना अटीतटीचा झाला आणि प्रशिक्षक म्हणाले, "फक्त दोन इनिंग." नियमाने त्यांना कुणी अडवू शकलं नसतं. मी कालची वही उघडून त्यांच्यापुढे धरली आणि म्हटलं, बुधवारपर्यंत नाही. ते भले गृहस्थ आहेत, पण त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. आम्ही सपाटून हरलो. मुलगा गाडीत घरापर्यंत खिडकीबाहेर बघत होता. नंतर आठवडाभर माझ्यासाठी तो डबासुद्धा स्वतः भरत होता, म्हणजे रागाने!

पुढच्या वर्षी आम्ही काही आयांनी मिळून एकच वही केली. शनिवार, रविवार, मधला सराव, सगळं त्यातच. वर्षातले किमान चार महिने चेंडू फेकणंच बंद. हा माझा शोध नाही, मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांच्या संयुक्त 'पिच स्मार्ट' शिफारशींत तो आहे.

दुसरी गाठ पैशाची नाही, मनाची आहे. रविवारच्या शर्टाला मान मिळाला की शनिवारचा सामना नकोसा होतो. "आज हात राखून ठेव, उद्या महत्त्वाचा सामना आहे," असं एका बापाला मी स्वतः बोलताना ऐकलंय. आणि मग तो डोळे मिटणारा मुलगा ज्यांच्या आधाराने मैदानात उभा राहायचा, तीच मुलं नाहीशी होतात. रेक लीग ओस पडते ती अशी. म्हणून आमच्याकडे आता अट आहे: रेक लीगमध्ये नाव असेल तरच ट्रॅव्हलच्या चाचणीला यायचं, आणि दोन्ही सामने एकाच वेळी आले तर रेकचा खेळायचा. या अटीपायी दोन उत्तम खेळाडू आम्हाला सोडून गेले. माझ्या मते ठीक झालं, सगळ्यांना तसं वाटत नाही.

चहाच्या वेळी तुमच्यातल्या तिघांनी विचारलं, "पण यातून कॉलेजची स्कॉलरशिप मिळते ना?" अनेक वर्षं तिथल्या पहिल्या डिव्हिजनच्या कॉलेजला बेसबॉलच्या अख्ख्या संघासाठी ११.७ स्कॉलरशिप देता येत होत्या, आणि त्या सत्तावीस जणांत वाटायच्या. वाटणी तुम्हीच करून बघा, गणिताच्या बाई समोरच बसल्यात.

माझा मुलगा आता सोळा वर्षांचा आहे. पिचिंग त्याने सोडलं, दुसऱ्या बेसवर खेळतो, आणि शनिवारी सकाळी आठ वर्षांच्या मुलांच्या सामन्यात अंपायर म्हणून उभा राहतो. सर, त्या वहीच्या पानांचे फोटो माझ्या फोनमध्ये आहेत. जेवणाच्या सुट्टीत दाखवते.